वळणावरचे पांढरे दगड

महाराजांच्या राज्यात, नृसिंहवाडीच्या रस्त्यावर, अंधारात वळण न दिसल्याने माझा थोरला भाऊ बैलगाडीसकट खाली कोसळून गेला. मी दिवसकार्य उरकले, दरबारात अर्ज दिला. रडू आले नाही.

दरबाराने वळणाला दगड रोवून चुना फासला. महिन्याभरात लोकांनी शेंदूर लावून त्यांचे देव केले. चुना शेंदराखाली गेला, अंधारात वळण पुन्हा दिसेनासे झाले.

रस्त्याचा मिस्त्री म्हणाला, "सरकारनं दगड लावलं की. आता देवाचा शेंदूर कोण खरवडणार, पावणं? तुमी?"

मी दुसरा अर्ज लिहिला: देव राहू द्यावेत, पुढे नवे दगड रोवावेत, चुन्याला दरसाल माणूस नेमावा.

उत्तर येईपर्यंत अंधाऱ्या पंधरवड्यात मीच तिथे कंदील टांगत होतो.