उजव्या पायावरचं रक्त

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की टर उडवणारा मी पहिला. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

मी कान्हे गावचा. जवळच्याच एका हॉस्पिटलात हार्ट सर्जरीच्या वेळी मशीन चालवतो. ऑपरेशनमध्ये वाहणारं रक्त ओढून घ्यायचं, धुवायचं आणि पेशंटचं त्यालाच परत द्यायचं – हे माझं काम.

पवनानगरच्या पुढच्या वाडीतले एक आबा आले होते, धरणात मासे धरणारे. रक्तगट इतका दुर्मीळ की बाहेरचं रक्त मिळता मिळेना. सगळी भिस्त माझ्या मशीनवर. त्यांच्या बायकोला, म्हणजे मावशींना, हे समजावलं तर त्या बिथरल्याच.

"समदं परत घालनार? मातीला एक थेंब बी न्हाई?"

त्यांच्या घरी कोयता लागला तरी बोट लगेच तोंडात घालत नाहीत म्हणे. पहिला थेंब जमिनीवर पडू द्यायचा, मगच फडकं बांधायचं.

"न्हाई दिला तर रगत थांबत न्हाई, बाबा."

मी हसलो. "मावशी, हितं थेंब सांडला तर डॉक्टर मलाच गाडतील!"

ऑपरेशन झालं, पण रक्त थांबेना. औषधं दिली, टाके पुन्हा तपासले... मी गोळा करतोय, धुतोय, परत देतोय आणि ते पुन्हा वाहतंय. सर्जन पुन्हा पुन्हा माझ्या मशीनकडे बघायला लागले, तेव्हा मी खरंच घाबरलो. आबा आता हातचे जातात असं वाटलं.

धुतलेल्या रक्ताची पिशवी टांगताना माझ्या हातून नळी निसटली – इतक्या वर्षांत पहिल्यांदा! थोडं रक्त माझ्या उजव्या पायावर सांडलं आणि फरशीवर ओघळलं. मनातल्या मनात मी स्वतःला शिव्या घातल्या. तेवढ्यात सर्जन म्हणाले, "थांबतंय."

औषध तेव्हाच लागू पडलं असेल. मीही तेच धरून चाललोय.

पण पुढचं काही केल्या हिशेबात बसत नाही. पाय स्वच्छ धुऊन, चप्पल बदलून मी बाहेर आलो. आतल्या कुणीच बाहेर येऊन काही सांगितलेलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आधीच मावशी वाकल्या, माझ्या उजव्या पायाला हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवला. डाव्या पायाकडे त्यांनी बघितलंही नाही.

"मावशी, तुमाला कसं कळलं?"

"काय कळलं?" त्या रडतच म्हणाल्या. "त्यास्नी कवा बघाया मिळंल, त्ये सांग आदी."

आबा आता ठणठणीत आहेत. मावशींना मी नंतरही विचारलं, तर त्यांना पाया पडल्याचंच आठवत नाही.