बदाम आलं नाही

पहिल्यांदा खऱ्या पैशांनी पोकर खेळायला बसले तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते आणि नवऱ्याला ‘पेपर तपासायला जाते’ असं सांगून घरातून निघाले होते.

खेळ मला शिकवला आमच्या सोसायटीतल्या सुभेदारसाहेबांनी. नाशिकरोडला आमच्या खालच्या मजल्यावर ते आणि वहिनी राहतात. तोफखान्यातून निवृत्त झालेले. परदेशात शांतिसेनेबरोबर असताना त्यांना हा नाद लागला. उन्हाळ्याच्या सुट्टीत संध्याकाळी त्यांच्या गॅलरीत आम्ही चिंचोके लावून खेळायचो. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं आणि टेबलावर हळूहळू उघडत जाणारी पाच. या सातांतून ज्याची पाच पानं भारी, तो डाव जिंकतो. किंवा आपली पानं भारी आहेत असं जो बाकीच्यांना पटवतो, तो. हे पटवणं मला फार छान जमायचं. हातात काही नसताना मी मूठभर चिंचोके पुढे सरकवायचे आणि सुभेदारसाहेब हसून पानं टाकून द्यायचे.

एक दिवस ते म्हणाले, “मॅडम, चिंचोक्यांवर कुणीही शूर असतं. रविवारी देवळाली कॅम्पला चला. आम्ही तिघं खेळतो. दोन हजार रुपये घेऊन बसायचं, गेले तर उठायचं.”

मी लगेच हो म्हटलं. आणि त्या क्षणापासून मला भीती वाटायला लागली.

दोन हजार रुपयांची नव्हती ती. तेवढे मी साडीवर विचार न करता घालवते. भीती जुनी होती. माझे वडील पेठ तालुक्यात शिक्षक होते. लहानपणी त्यांच्याबरोबर हरसूलच्या बाजाराला जायचे. तिथे एक माणूस कापडावर चित्रं मांडून लोकांना पैसे लावायला लावायचा. त्या घोळक्याजवळ आलो की वडील माझा हात इतका घट्ट धरायचे की बोटं दुखायची. आणि भराभर चालायचे. त्यामुळे त्या कापडावर काय होतं ते मी कधी धड पाहिलंच नाही.

त्यात आणखी पोलिसांची भीती. बसमध्ये बसल्या बसल्या मी पेपरातली बातमी मनात लिहून टाकली होती. ‘जुगाराच्या अड्ड्यावर प्राध्यापिका’. खाली माझा रुमालाने तोंड झाकलेला फोटो.

अड्डा म्हणजे एका निवृत्त दंतवैद्यांचा जुना बंगला. पुढे व्हरांडा, आत जेवणाचं टेबल, त्यावर हिरवी चादर. सुभेदारसाहेब आधीच पोचले होते. चौथे होते दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार. त्यांनी मला नमस्कार केला आणि आपल्या बागेतल्या बेदाण्यांची पुडी पुढे ठेवली. मी नोटा दिल्या, डॉक्टरांनी मला प्लास्टिकच्या गोल चिप्स मोजून दिल्या. त्या मी पुन्हा दोनदा मोजल्या.

पहिला पाऊण तास मी एकही डाव धड खेळले नाही. पानं बघायची आणि टाकायची.

“लय सांभाळून खेळता ताई तुम्ही,” बागायतदार म्हणाले.

तेवढ्यात बेल वाजली. डॉक्टरांनी एका झटक्यात पानांवर वर्तमानपत्र टाकलं. बागायतदारांनी चिप्स बेदाण्यांच्या पुडीखाली सरकवल्या. मी उठून उभी राहिले आणि कुठे जायचं ते न कळून भिंतीकडे तोंड करून थांबले. बाहेर कुणीतरी कण्हत होतं. शेजारच्या बाई होत्या, गाल सुजलेला. डॉक्टरांनी व्हरांड्यात त्यांचा दात पाहिला, गोळ्या दिल्या, उद्या दवाखान्यात जा म्हणून सांगितलं आणि हात धुऊन परत टेबलाशी आले. सगळे पोट धरून हसले. मीही हसले.

त्यानंतर तो डाव आला. माझ्या हातात बदामचा एक्का आणि बदामची सत्ती. टेबलावर राजा आणि तिर्री बदामचीच, आणि किलवरची दश्शी. आणखी एक बदाम आलं असतं तर पाच बदाम होऊन माझा हात सगळ्यांत भारी झाला असता. बाकी दोघांनी पानं टाकली. राहिलो मी आणि सुभेदारसाहेब. चौथं पान किलवरचा गुलाम. पाचवं इस्पिकची दुर्री. बदाम आलं नाही. माझ्याकडे काहीही नव्हतं.

पानं टाकून देणं सोपं होतं. मी सगळ्या चिप्स दोन्ही हातांनी पुढे ढकलल्या.

“ऑल-इन,” मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण लांबून आल्यासारखा वाटला.

सुभेदारसाहेब माझ्याकडे बघत राहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या एका चौकोनावर नजर लावली. कानात हृदय वाजत होतं, आणि ते त्यांनाही ऐकू जात असणार अशी माझी खात्री होती.

“राणी आहे तुमच्याकडे,” ते अखेर म्हणाले. “एक्का आणि राणी. दश्शीपासून एक्क्यापर्यंत ओळ लागली तुमची.” त्यांनी आपली पानं उलटी करून दाखवली. राजा आणि दश्शी. दोन जोड्या. आणि ती त्यांनी टाकून दिली.

समोरच्याने पानं टाकली की जिंकणाऱ्याला आपली दाखवावी लागत नाहीत. मी माझी गड्डीत मिसळली. खेळ तिथे संपला होता. पण त्यांनी विचारलं, “राणी होती ना?”

आणि मी म्हणाले, “हो.”

परत येताना बसमध्ये ते कौतुक करत होते. सोसायटीत शिरल्या शिरल्या त्यांनी वहिनींना सांगितलं, “मॅडमनी आज मला चारी मुंड्या चीत केलं. काय पानं आली होती!” वहिनींनी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो खाल्ला.

घरी नवऱ्याने विचारलं, “झाले का गं पेपर?”

“अजून एक गठ्ठा राहिलाय,” मी म्हणाले. चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याने मान डोलावली आणि चहा टाकायला गेला. दुपारभर जी भीती वाटली होती ती त्या घटकेला मला अगदी किरकोळ वाटली. हा माणूस एकवीस वर्षं माझ्या चेहऱ्याकडे बघून मला ओळखत आला होता, आणि त्याला काही म्हणजे काही दिसलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

तो चिडला नाही. गॅस बंद करून म्हणाला, “धाड पडली असती तर मला कुठून कळलं असतं? चौकीतून?” मग दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

सुभेदारसाहेबांना सांगायला मला आठवडा लागला. बदामाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“डावात फसवलंत, त्याचा मला आनंद आहे,” ते म्हणाले. “नंतर का फसवलंत?”

“भीती वाटली.”

“कशाची?”

वहिनी आतून काकडी चिरून घेऊन आल्या आणि विषय बदलला.

त्यानंतर मी तिथे फक्त एकदाच गेले. नवरा स्वतः स्कूटरवर सोडायला आला आणि बंगल्याच्या फाटकाबाहेर थांबून म्हणाला, “तासाभराने येतो.” तो यायच्या आत माझ्या सगळ्या चिप्स बागायतदारांकडे गेल्या होत्या. मी व्हरांड्यात जाऊन बसले आणि रस्त्याकडे बघत त्याची वाट पाहिली.