शालिकरामची देसी

तंबोऱ्यावर कोणाला बसवायचं असा प्रश्न नागपुरात कधी पडायचा नाही. 'शालिकराम आहे ना', असं म्हणायचे आणि विषय मिटायचा. शालिकराम कोराडीच्या वीजकेंद्रात कामाला होता. पाळी संपली की अंगावरची राख धुऊन बस पकडायची आणि महाल भागात दादाजींकडे गाणं शिकायला यायचं, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. गळा गोड होता. पण नुसत्या गळ्यानं काय होतं? पुढं होऊन बसावं लागतं, आणि हा गडी जन्माचा भिडस्त.

दादाजींचा दुसरा शिष्य चंपतराव. देवानं भीड वाटली तेव्हा हा बहुतेक दुसऱ्या रांगेत उभा असावा. विदर्भातल्या कलावंतांसाठी दर हिवाळ्यात शास्त्रीय संगीताचं संमेलन भरायचं, त्याचा हा चिटणीस. 'बाहेरचे बडे गवई नकोत, आपल्या मातीतले लोक गाऊ द्या', असं माइकवरून छाती ठोकून सांगायचा. आपल्या मातीतला शालिकराम मात्र त्याला फक्त तंबोऱ्यामागं दिसायचा.

दादाजी अंथरुणाला खिळले तेव्हा चंपतरावाचे कार्यक्रम जोरात होते. उशाशी शालिकराम बसायचा. त्याच आजारपणात दादाजींनी देसी रागात एक बंदिश बांधली आणि त्याच्या गळ्यात घातली. "चार लोकांपुढं म्हणजो," ते म्हणाले, "अन् माईले ऐकवजो." माई म्हणजे दादाजींच्या पत्नी, रंभाबाई. दादाजी गेल्यापासून त्या कुठल्याही गाण्याला गेल्या नव्हत्या. पण एकोणनव्वद सालच्या संमेलनात रविवारी सकाळी शालिकरामचं गाणं ठरलं आणि माईंनी यायचं कबूल केलं. त्याला दुसरं काहीच नको होतं. ती एक बंदिश माईंसमोर नीट गायली की झालं.

संमेलनाच्या थोडं आधी चंपतराव कोराडीला त्याच्या क्वार्टरवर आला. शालिकरामच्या बायकोच्या, पार्वतीबाईच्या हातचं भरीत त्यानं मागून मागून खाल्लं.

"काय गाऊन राहिला बे तू?"

"दादाजीची देसी."

"ऐकव ना गा. मले तर त्यायनं शिकवलीच नाही."

शालिकरामनं ऐकवली. गुरुबंधूपासून काय लपवायचं? चंपतराव बरोबर गुणगुणू लागला. अंतऱ्यात अडखळला, तर यानंच प्रेमानं पुन्हा सांगितला. निघताना चंपतराव म्हणाला, "तुह्या आधी माही गुजरी तोडी आहे. तंबोऱ्यावर तूच बस बाप्पा."

रविवारी हॉल भरला होता. पुढच्या रांगेत माई, त्यांच्या शेजारी पार्वतीबाई, मागं कॉलनीतली मंडळी. गुजरी तोडीत पंचम नाही, म्हणून शालिकरामनं तंबोऱ्याची पहिली तार धैवताला लावून ठेवली होती. मंचावर बसल्यावर चंपतराव मागं न पाहता पुटपुटला, "पंचमावर घे." याला वाटलं, बेत बदललेला दिसतो, जौनपुरीसारखा पंचमाचा राग गाईल. त्यानं खुंटी पिळली, तार चोख पंचमात आणली.

आणि चंपतरावानं देसी सुरू केली.

गाणाऱ्यांत एक रीत आहे. एका बैठकीत एक राग झाला की पुढच्यानं तो गायचा नाही. म्हणजे आता शालिकरामला देसी गाता येणार नव्हती. तरीही त्याची बोटं तारांवरून फिरत राहिली. बंदिश आली. अंतरा आला, तोही बिनचूक, कोराडीला सांगितला तसा. 'वाहवा' उठली. शेवटी चंपतरावानं हात जोडून सांगितलं, "ही आमच्या दादाजींची अखेरची बंदिश. शिष्य म्हणून माझं कर्तव्य होतं." किती हा निर्लज्जपणा!

लगेच शालिकरामचं नाव पुकारलं. "दुसरं काही गा ना बे, तुले काय कमी आहे?" उतरता उतरता चंपतराव म्हणाला. शालिकराम जौनपुरी गायला. गायला म्हणजे सूर लागले, एवढंच. लोक चहाला उठून गेले.

कार्यक्रम आटोपल्यावर तो माईंच्या पाया पडला.

"बाबू, ते तर तुले दिलं होतं ना त्यायनं? चंपतले तू देऊन टाकलं काय?"

"नाही माई. घरी येऊन ऐकलं अन् इथं गायला. चोरलं त्यानं."

गळ्यातला हार सावरत चंपतराव बाजूलाच उभा होता. "चोरलं काय म्हणतं बे? गुरूची चीज आहे, कोण्या एकट्याची आहे काय?"

माईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तो काय गाऊन राहिला, तुले समजलं होतं?" त्यांनी शालिकरामला विचारलं.

"पहिल्याच आलापात समजलं."

"अन् तरी तू तंबोरा छेडत राहिला?"

गाणाऱ्याचा तंबोरा मध्येच थांबवायचा नाही, हे याच माईंच्या घरात शिकला होता तो.

"खाली ठेवून उठून जाचं होतं, बाबू," माई म्हणाल्या. "मीबी उठली असती तुह्यासंग."