ओली काडी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादेतले बडे वकील नव्याने येणाऱ्या कंपन्यांच्या मागे लागले होते. आम्ही चार-पाच बिनकामाचे मात्र दर रविवारी नारायणगुड्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात गोरगरिबांना फुकट सल्ला द्यायला बसत असू. मी घरची मराठी, म्हणून मराठी माणसं माझ्याकडे धाडली जात. नवरा-बायकोच्या भांडणातलं आपल्याला सगळं कळतं, अशी तेव्हा माझी समजूत होती.

अंबरपेठेतली एक बाई आली. तिचा नवरा कारखान्यात होता, तो वारला. पेन्शन तिच्या नावावर व्हायची, तर दिराने दावा ठोकला: ही माझ्या भावाची बायकोच नव्हे, हिचा पहिला नवरा गावाकडे जिवंत आहे. तसा तो होताच. पण त्यांच्या जातीत पंचांसमोर नवऱ्याने काडी मोडली की दोघं मोकळी. असा काडीमोड झाल्यावरच तिने हा दुसरा संसार मांडला होता. रिवाज शाबीत झाला तर कोर्टही तो मानतं. तेव्हा काडी मोडली होती, एवढं सांगणारा साक्षीदार हवा होता. पंच सगळे वर पोचलेले. उरला कोण, तर पहिला नवरा!

तो कशाला येतोय, असं मी धरून चालले होते. पण तो आला. नामपल्ली स्टेशनात गाडीतून उतरून थेट आमच्या व्हरांड्यात, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. "पोरीला आणल्या," म्हणाला. पोरगी त्याची नव्हे, दुसऱ्या नवऱ्याची. मला काही उलगडा होईना.

"मामा, काडी तुम्हीच मोडली ना?" मी विचारलं.

"हौ, मोडाया गेलो. पन ओली व्हती, निस्ती वाकली. पंच म्हनले, झालं, चला जेवाया."

मी कपाळाला हात लावला. मग इतकी वर्षं ही बाई कोणाची बायको होती? ओल्या काडीबद्दल कायद्याच्या पुस्तकात काहीच नव्हतं. खोटं बोला असं सांगायची माझी तयारी नव्हती, आणि खरं बोला म्हणायला जीभ रेटेना. उगाच त्याच्यावरच खेकसले, "हे आता सांगताय?"

बाई उठली. कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी उपसून तिने त्याच्यापुढे धरली.

"घ्या, आता मोडा. ही वाळल्याली हाय."

"तवाबी तुला अशीच घाई व्हती," तो म्हणाला आणि हसला. मग त्याने काडी मोडली. त्याचे डोळे भरून आले, आणि मी आणखीच गोंधळले. याला हिचं एवढं वाटत होतं, तर त्याने तिला सोडलंच कशाला?

कोर्टात दिराच्या वकिलाने त्याला विचारलं, "काडी मोडली?"

"मोडली."

"कोणी?"

"म्याच. या हातानं."

"केव्हा?"

मी मान खाली घातली. आता सगळं मुसळ केरात. त्याने बाईकडे पाहिलं.

"ही घरातून गेली त्या दिशी, सायेब. मागं वळून बगितलं न्हाई हिनं. तवाच मोडली."

न्यायाधीशांनी तेवढं लिहून घेतलं. पुढे निकाल बाईच्या बाजूने लागला. तो माणूस खरं बोलला की खोटं, हे मला अजूनही ठरवता येत नाही. बाईला मात्र ते कळलं असावं. नवरा गेल्याचं सांगतानाही जिचे डोळे कोरडे होते, ती तिथे कोर्टात पदरात तोंड घालून रडत होती.