अमावास्येला कुणी विहीर खणतं का?

गणिताच्या पुस्तकातल्या माणसांची मनापासून काळजी करणारी बाई साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच झाली, आणि ती माझी सख्खी आत्या होती. गुणोत्तर-प्रमाणाच्या गणितांनी तिकडे तुमची झोप उडाली आहे असं ऐकलं, तेव्हा बाळांनो, मला तीच आठवली.

पन्नास सालच्या आसपासची गोष्ट. आत्या लहान वयात विधवा होऊन आमच्या नौपाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली होती. फायनलची, म्हणजे तेव्हाची सातवीची, परीक्षा पास झाली तर प्राथमिक शाळेत मास्तरीण होता येणार होतं. नाही तर कोकणात दिरांच्या घरी जाऊन जन्मभर चुलीपुढे बसायचं. त्यामुळे संध्याकाळी तिने पाटी हातात घेतली की घरात सगळेच दबक्या पावलांनी वावरायचे. भाषा, भूगोल तिला तोंडपाठ. घोडं अडायचं ते त्रैराशिकापाशी. दुधात पाणी कोणत्या प्रमाणात, असं गणित आलं की ती पेन्सिल खाली ठेवायची. "आधी त्या गवळ्याला बोलवा. लबाडी त्याची आणि हिशेब मी करायचा?" तीन भावांत जमीन दोनास तीनास पाच अशी वाटायची असली, तर धाकट्याला दोनच का, यावर आमचं जेवण गार होई.

पहिल्या खेपेला ती गणितातच गेली. बारा मजूर वीस दिवसांत विहीर खणतात, तर आठ मजूर किती दिवसांत? आत्याने लिहिलं, एकतीस.

"अक्का, तीस गं तीस!" वडील डोकं धरून म्हणाले.

"तीस दिवसांत अमावास्या येणारच. अमावास्येला कुणी कुदळ उचलतं का? तूच सांग."

"पुस्तकात अमावास्या नसते!"

"मग ते पुस्तक लिहिणाऱ्याने कधी विहीर खणून घेतलेली नाही," आत्या म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. त्याच आठवड्यात दिरांचा निरोप आला होता: पुन्हा नापास झाली तर आम्ही न्यायला येतो.

दुसऱ्या खेपेला वडील रजा काढून शाळेच्या फाटकाशी उभे राहिले, मीही होते. आत्या सगळ्यांत शेवटी बाहेर आली. चेहरा असा, की पेपर कसा गेला हे वडिलांना थेट विचारवेना; त्यांनी आडून विचारलं,

"काळ-काम आलं होतं?"

"आलं होतं. भिंत बांधायची होती."

"मग? सुट्टी दिलीस?"

"नाही दिली." ती कितीतरी वेळ कपाळ पुसत राहिली. "एक दिवससुद्धा नाही. राबवले रे बिचाऱ्यांना."

ती पास झाली. डोंबिवलीच्या शाळेत लागली, तिथेच स्वतःची खोली घेतली, आणि दिरांचा निरोप पुन्हा कधी आला नाही. एकदा आमच्या शाळेला सुट्टी होती म्हणून मी तिच्या शाळेत गेले, तर तिचा वर्ग चालू होता. फळ्यावर मजूर होते. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, त्यातला एखादा तापाने पडला तर?"

आत्या फळ्याकडून तिच्याकडे वळली.

"बस खाली," ती म्हणाली. "पास व्हायचंय ना तुला?"

आणि मग खडू ठेवून, तिच्या जवळ जाऊन, तिचे विस्कटलेले केस हलक्या हाताने सारखे करू लागली.