अमेरिकन गाडीची उजवी सीट

आमच्या डाक्टरसायबांकडं जुनी अमेरिकन गाडी हाय. सायबांच्या वडलांनी हैदराबादच्या कुण्या नबाबाकडनं घेतलेली. रंग बडीशेपेच्या गोळीसारखा फिकट हिरवा, आन् तो अजून कंपनीचाच हाय, एकदाबी परत मारलेला न्हाई. लांबी अशी की मागचं पुसून होईस्तोवर पुढं परत धूळ बसती. ते पुसायचं काम माझं. कोरडं फडकं लावायचं न्हाई, रेघा पडतात. आधी पाणी सोडायचं, मग जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं टिपायचं, लेकराचं अंग टिपावं तसं. बायको म्हणती, सोताच्या लेकरांना कदी असं टिपलं न्हाई. उंदरांनी वायरी खाऊ नयेत म्हणून डांबरगोळ्या ठेवायच्या, टायर बसू नयेत म्हणून दर ऐतवारी सायबांनी गाडी फिरवायची, मी संगं बसायचं. शाळेत मी गेलो न्हाई, त्यामुळं डोक्यात लई जागा मोकळी व्हती, हे सगळं तिथं मावलं.

ह्या गाडीचं स्टेरिंग डाव्या बाजूला. आपल्याकडं चालायचं रस्त्याच्या डाव्या अंगानं. त्यामुळं पुढं ट्रक आला की सायबांना त्याच्या बुडाशिवाय काईच दिसत न्हाई. पुढचा रस्ता दिसतो उजवीकडं बसणाऱ्याला. तिथं मी बसायचो. साऱ्या दुनियेत जिथं डायवर बसतो तिथं मी, मांडीवर हात ठेवून, समोर काई न्हाई. एकदा पोलिसानं माझंच लायसन मागितलं. मी म्हणलं, मला सायकलबी येत न्हाई.

सायबांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं. म्हणून आमची खूण ठरलेली. रस्ता मोकळा दिसला की मी जोरात टाळी वाजवायची. टाळी झाली की सायेब गाडी बाहेर काढणार. टाळी न्हाई, तर ट्रकाच्या मागंच.

मधी पुण्याचा एक शौकीन माणूस गाडी बघून गेला. त्याला ती पायजेच व्हती. काकू, म्हणजे सायबांची बायको, म्हणल्या, "देऊन टाका. वय काय तुमचं? आणि रस्ता बघायला कोण, तर हा!"

सायेब ताटावरनं उठले. मग काकूच म्हणल्या, "बरं, मी येते सोबत. धारूरला माझ्या बहिणीकडं न्या. धड पोचलो तर राहू द्या गाडी. नाहीतर पुण्याला फोन."

निघालो. काकू मागं, पिशवी छातीशी धरून. तेलगावपर्यंत माझ्या सगळ्या टाळ्या बरोबर. मग धारूरचा घाट लागला. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन रिकाम्या ट्रॉल्या, वर मोठा स्पीकर लावलेला, आन् चढाला चाल बैलगाडीची. एवढं हळू चालायची आमच्या गाडीला सवय न्हाई, इंजनाचा काटा चढायला लागला. वळणामागं वळण. टाळी वाजवावी असं काई दिसंना. सायेब घामानं भिजलेले, काकूंची नजर माझ्या मानेवर. मला भ्या वाटलं की हात रिकामे राहत न्हाईत. कवा पुडी काढली, कवा चुना लावला, मलाच कळलं न्हाई. तंबाखू मळली आन् भुगा उडवायला हाणली टाळी.

सायबांनी गाडी बाहेर काढली. वरनं एसटी येत व्हती.

"सायेब!" मी वरडलो. उजव्या कानात.

नशीब, सायबांचे डोळे शाबूत हायेत. सगळ्यांनीच बिरेक मारले. ट्रॅक्टर थांबला, एसटी थांबली, आन् आमी ट्रॉलीच्या बगलेत, एसटीच्या नाकाला नाक लावून. एसटीचा डायवर उतरला तो सरळ माझ्या खिडकीशी.

"काय बे, डोळे हायेत का बटनं? घाटात कावून घुसला?"

मी दोन्ही हात वर केले. एकात तंबाखू.

त्यानं आत वाकून बघितलं. "स्टेरिंग कुठंय?"

"तिकडं."

"मग तू कावून बसलास हितं?"

"रस्ता बघायला."

"बघितला का मग?"

मी तंबाखू तोंडात टाकली.

ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉल्या पुढं काढल्या, सायबांनी गाडी कडंला घेतली. गाडीला कुठं खरचटलंबी नव्हतं, पण बॉनेटातनं वाफ निघाली. मी पाण्याचा कॅन घेऊन उतरलो. एसटीतले लोक गाडीभवती गोळा झाले, फोटो काढायला लागले. डायवर राग इसरून बंपरवरनं बोट फिरवत म्हणला, "सायेब, ॲव्हरेज काय देती?"

"ते विचारायचं नसतं," सायेब म्हणले. हात बॉनेटावर ठेवलेला. पत्रा तापलेला, तरी हात उचलीनात.

काकू उतरल्या. मी समजलो, लागला पुण्याला फोन. एसटीतली एक म्हातारी त्यांना म्हणली, "लई देखणी हाय वो बाई. तुमची का?"

काकूंनी गाडीकडं बघितलं, मग सायबांच्या हाताकडं.

"हो, आमचीच," म्हणल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तू मागं बस."

उजव्या सीटवर त्या सोता बसल्या. वरपर्यंत त्यांचंच चाललं, "थांबा... थांबा... हं, आता!" त्यांचा आवाज सायबांच्या उजव्या कानात बरोबर शिरतो, हे मला तवा कळलं. धारूरच्या बाजारात लोकांनी मागं बसलेल्या मला मालक समजून नमस्कार घातले. मीबी घेतले.

पुण्याचा फोन आला तो काकूंनीच उचलला. "नाही द्यायची. आम्हाला रविवारी लागते," म्हणल्या, आन् ठेवला.

आता ऐतवारी ते दोघं पुढं बसतात, मी मागं सोफ्यावर पडल्यासारखा झोपतो. परवा पालीच्या रस्त्याला जाग आली तर आमी एका ट्रकामागं रांगत व्हतो.

सायेब इचारत व्हते, "अगं, मोकळा आहे का रस्ता?"

"मोकळाच आहे," काकू म्हणल्या. "पण जरा दम धरा. कापूस फुटलाय, बघू द्या मला."