सोयरिकीची चिलीम

एका सोयरिकीने माझ्या बापाचा जीव घेतला.

सोयरीक माझीच होती.

आज बाची तिथी. नातीने मोबाईलवर मराठी टाइप करायला शिकवलं, म्हणून लिहिते. चुका झाल्या तर झाल्या. आणि खाली नुसतं आरआयपी टाकून पळू नका, आधी वाचा.

छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. गाव किन्हीराजा.

बाला दमा होता. नात म्हणते, आजी, त्याला सीओपीडी म्हणतात. म्हणत असतील. बाला आडवं होताच यायचं नाही. भिंतीशी सरकीचं पोतं लावून टेकून बसायचा, आणि छातीतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज यायचा.

तरी चिलीम सुटत नव्हती. चिलीम नाही तर बिडी.

शेवटी मायने त्याला जऊळक्याला रेल्वेत बसवून अकोल्याला नेलं. डॉक्टरने छाती तपासली आणि म्हणाला, "धूर बंद करा. नाहीतर पुढची सुगी दिसणार नाही."

घरी आल्यावर बाने चिलीम उकिरड्यात गाडली. स्वतःच्या हाताने.

पुढचे दिवस फार वाईट गेले. बैलांवर ओरडायचा, मायवर ओरडायचा, एकदा भरलं ताट भिरकावलं. मग पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी दातात धरून बसायचा, न पेटवता.

लोक हसायचे. "काय गा, काडी ओढून राह्यला काय?"

पण सोडली त्याने. खरंच सोडली.

एका सकाळी माय मला म्हणाली, "रातच्याले तुहा बा आडवा झोपला. मले वाटलं, गेला. आवाजच येत नोता."

बोलता बोलता रडली ती.

आणि मग इंझोरीहून माझी सोयरीक आली. घर चांगलं, शेती चांगली.

आता तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्यात तेव्हा सोयरीक तोंडाने पक्की होत नसे, चिलमीने व्हायची. मुलाच्या बापाने पेटवून झुरका घ्यायचा आणि मुलीच्या बापाच्या हातात द्यायची. त्याने ओढली की पक्कं. न ओढता पुढे सरकवली की नकार. पाहुणे उठलेच समजा.

बरं, "मले दमा हाय" म्हणायचीही सोय नव्हती. दमा आणि क्षय लोकांना सारखेच. दमेकऱ्याची पोर कोण करणार?

मायने आदल्या दिवशी विचारलं, "काय करसान तुमी?"

"पाहू," बा म्हणाला.

बैठकीत मी दाराआड उभी होते. मुलाच्या वडिलांनी झुरका घेतला. "घ्या, पाव्हणे."

बाने चिलीम हातात घेतली आणि तिच्याकडे बघतच राहिला.

"काहून? पसंत नाही काय आमचं घर?"

"पसंत हाय ना," बा म्हणाला.

आणि ओढली.

खोकला आला, तो त्याने गिळला. डोळे लाल झाले, मानेच्या शिरा टरारल्या, पण तोंड उघडलं नाही. गूळ वाटला गेला तसा उठून गोठ्यात गेला. तिथून जो आवाज यायला लागला, तो पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून माय ताटं आपटत राहिली.

एका झुरक्याने माणूस मरत नाही, एवढं मलाही कळतं.

पण त्या झुरक्याने तल्लफ जागी झाली. लवकरच बिडी परत आली. माय त्याच्या पाया पडली. तो म्हणायचा, "पोरीचं लगन निपटू दे, मंग सोडतो."

लग्न निपटलं. मला पाठवायला बा गाडीपर्यंत आला नाही. तेवढा दमच नव्हता त्याच्यात. ओट्यावरूनच हात केला.

दुसऱ्यांदा सोडायला त्याला वेळ मिळाला नाही. कापसाची वेचणी चालू असतानाच गेला.

तेरवी करून मी सासरी परतले. मामाजी, म्हणजे माझे सासरे, समोर येऊन बसले.

"बाई, तुह्या बाले दमा होता, हे मले काहून नाही सांगतलं?"

सुनेने उलट बोलायचे दिवस नव्हते ते. पण मी बोलले. "सांगतलं असतं, तर केली असती काय सोयरीक?"

मामाजी खाली मान घालून खोकले. लग्न होऊन आल्यापासून तो खोकला मी ऐकत होते, तंबाखूचा ठसका समजत होते.

"मलेबी हाय," ते म्हणाले. "मलेबी डाक्टरनं मनाई केली होती. तुमाले समजू नये म्हणून मी पेटोली."

दोन दमेकरी. एकमेकांच्या भीतीने धूर ओढत बसले होते.

मला राग आला. अजूनही येतो. कोणावर काढू, ते कळत नाही.

त्यानंतर कितीही मोठी बैठक असो, चिलीम समोर आली की मामाजी मोठ्याने सांगायचे, "मले दमा हाय. मी ओढत नाही."

माझ्या नणंदेच्या सोयरिकीतही सांगितलं.

सोयरीक मोडली नाही.

बा, तूही एवढंच म्हणायचं होतंस रे.

बाचा फोटो नाही. पाटावर सुपारी मांडते, झेंडूचं फूल वाहते. उदबत्ती मात्र लावत नाही.

धूर नको त्याला.

पाया पडते, बा.